आत्याची ब्रेलपट्टी

माझ्या नवऱ्याने आत्याच्या कॉम्प्युटरला हात लावला तो रविवारी, जेवणं झाल्यावर, कुणीही सांगितलेलं नसताना.

"आत्या, अपडेट आलंय. चहा होईपर्यंत उरकतो."

आत्या जन्मापासून आंधळी. शाळेची पुस्तकं ब्रेलमध्ये छापण्याआधी त्यातल्या चुका काढायचं काम ती घरून करते. कीबोर्डच्या पुढ्यात एक लांबट पट्टी असते. पडद्यावरची ओळ तिच्यावर ठिपक्यांनी वर येते आणि आत्या बोटं फिरवून वाचते. पट्टी जुनी, कॉम्प्युटर तिच्याहून म्हातारा. विकतच्या सिस्टिमने त्याला वाऱ्यावर सोडलं, तेव्हा नवऱ्यानेच त्यात ओपन सोर्सवाली सिस्टिम घालून दिली होती. जगभरातली माणसं मिळून ती फुकट बनवतात, जुन्या मशीनलाही टाकून देत नाहीत, असं त्याने छाती फुगवून सांगितलं होतं. आणि खरंच, इतकी वर्षं सगळं बिनबोभाट चाललं होतं.

चहा झाला, अपडेटही झालं. आत्याने पट्टीवर बोटं ठेवली. पट्टी तळहातासारखी सपाट.

"जावईबापू, काय केलंत हे?"

"काही नाही, वायर हलली असेल."

वायर हलली नव्हती. ती काढली, फुंकली, परत खोचली. कॉम्प्युटर पुन्हा पुन्हा सुरू केला. टेबलाखाली शिरलेला नवरा संध्याकाळी केसांत जळमटं घेऊन बाहेर आला.

"त्यांनी या पट्टीचा ड्रायव्हरच काढून टाकलाय."

"कसला ड्रायव्हर?" मी विचारलं.

"सिस्टिमची आणि पट्टीची बोलणी करून देणारा प्रोग्राम. आता ती पट्टीला ओळखतच नाही."

"मग आवाजात वाचून घे ना गं," मी आत्याला म्हटलं आणि लगेच जीभ चावली.

"कानाला 'दिन' आणि 'दीन' सारखेच. माझं सगळं काम त्या वेलांटीचंच आहे!"

नवऱ्याने जुनी आवृत्ती परत टाकली. पट्टी उठली, पण छापखान्याची साइट उघडेना. म्हणे, इतक्या जुन्या सिस्टिमला आत घेणं धोक्याचं. पुन्हा नवी टाकली. साइट उघडली, पट्टी झोपली. मग माझा लॅपटॉप आणला. त्यात पट्टीची ती जुनी, रुंद वायर खोचायला जागाच नव्हती. मध्ये जोड लावला तर ठिपके असे उठायला लागले की आत्या म्हणाली, "ही कुठली भाषा? कोंबडी नाचून गेल्यासारखी!" नवी पट्टी घ्यावी तर किंमत ऐकूनच तो विचार सोडला. छापखान्यातून रोज फोन येत होता. विज्ञानाचं पुस्तक अडलं होतं.

शेवटी नवऱ्याने सिस्टिम बनवणाऱ्यांना कळवलं. ड्रायव्हरचं खातं सांभाळणाऱ्या बाईंचं उत्तर आलं, ते मी आत्याला वाचून दाखवलं. हे यंत्र आता कुणी वापरत असल्याचं दिसत नाही, बऱ्याच काळात एकही तक्रार आलेली नाही, म्हणून ड्रायव्हर काढला.

आत्या ताडकन उठली. "तक्रार नाही म्हणून वापर नाही? अगं, चालत होतं म्हणून तक्रार नव्हती! आज काही बिघडलं नाही हो, असं मी रोज सकाळी कळवायचं होतं का? लिही तू. शब्दही बदलू नकोस."

मी लिहिलं. 'कुणाला विचारलंत?' या वाक्यापाशी नवरा कळवळला. "आत्या, ती माणसं पदरमोड करून हे करतात हो. जरा सौम्य..."

"तुम्ही गप्प बसा. तुम्हीही विचारलं नव्हतंत."



त्या बाईंचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं आणि आत्याचा पारा थोडा उतरला. 'चूक झाली,' त्यांनी सरळ लिहिलं होतं. ड्रायव्हर परत घालते. पण माझ्याकडे अशी पट्टी नाही, तपासून तुम्हीच द्यायला हवं.

मग सुरू झालं खरं डोकं पिकवणं. पहिल्या खेपेला ठिपके आले, पण एक घर डावीकडे सरकून; ओळीचं पहिलं अक्षर गायब. दुसऱ्या खेपेला ओळ जागेवर आली आणि पट्टीवरची बटणं मेली. पुढच्या खेपेला कॉम्प्युटरच उठेना. प्रत्येक वेळी नवरा टेबलाखाली, मी कीबोर्डवर आणि आत्या खुर्चीत बसून सांगतेय. पलीकडच्या बाई हुज्जत न घालता पुन्हा बदलून पाठवत होत्या. एकदा त्यांनीच लिहिलं, 'मलाही आता या पट्टीचा राग यायला लागलाय.' आत्या पहिल्यांदा हसली. "बाई कामाची आहे."

पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी दुपारी पट्टी नीट उठली. आत्याने एक पान वाचलं, मग दुसरं. आम्ही खुर्चीमागे उभे.

"चाललं का?" नवऱ्याने विचारलं.

"'पचनसंस्था'मधला अनुस्वार खाल्लाय छापखान्याने," आत्या म्हणाली आणि पुढची ओळ वाचायला लागली.

आता नव्या आवृत्तीआधी त्या बाई आत्याला विचारतात. आत्या करवादते, "मला काय दुसरी कामं नाहीत?" आणि तपासून देते. आमचा पत्रव्यवहार तिथे सगळ्यांना दिसतो; तो वाचून परवा कुणा अनोळखी माणसाने तिला लिहिलं, माझी पट्टी वेगळ्या कंपनीची आहे, तीही बंद पडलीय, काय करू?

"आधी भांडा म्हणावं," आत्या म्हणाली. "आणि यंत्राचा नंबर विचारून घे गं."