थंडबाबांच्या वाटीत बुडालेला केस

सर्व प्रकारचे केस

केस बुडाला आणि अख्खा हॉल हळहळला.

काचेची मोठी वाटी, वाटीत पाणी, पाण्यावर एका बाईचा लांब केस. थंडबाबांनी डोळे मिटले, उजव्या हाताची करंगळी पाण्यात घालून गोल फिरवली आणि ओरडले, "उष्णते, तुझं ओझं दाखव!" इतका वेळ आरामात तरंगणारा केस दचकल्यासारखा कडेला पळाला, आणि हळूहळू तळाला गेला.

"पाहिलंत? डोक्यात आग असली की केस जड होतो. आणि जड केस घराला घेऊन बुडतो!"

मग शिष्याने त्या बाईच्या डोक्यावर थंड तेल थापलं, वाटी धुऊन नवं पाणी भरलं, तिचाच तेल लावलेला केस त्यावर ठेवला. या वेळी बाबांनी नुसते हात जोडले. केस तरंगला तो तरंगलाच. बाई रडायला लागली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शिष्याने तेलाच्या बाटल्यांचं खोकं उघडलं.

हा हॉल हार्डवेअरच्या दुकानावर. पंखे चालू, पण वारा इस्त्रीच्या वाफेसारखा. जिन्याचा कठडा इतका तापलेला की हात लावायची सोय नाही. मागच्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीला चिकटून मी बसले होते. शेजारी आई, डोळे मिटून, हात जोडून.

तेलकट केस

उन्हाळ्यात टाळूला घाम येतो, तेल सुटतं. केस चिकट झाले की धुवा, ठरलेल्या वाराची वाट पाहू नका. शाम्पू मुळांना लावा. टोकांना खाली ओघळणारा फेस पुरतो.

थंडबाबा नेमकं उलट सांगत: धुऊ नका, वरून तेल ओता. आमच्या गल्लीतल्या पार्लरवाल्या काकू पुढच्याच रांगेत होत्या. त्या मागे वळून पुटपुटल्या, "असं डोकं घेऊन उन्हात निघालं की रस्त्यावरची सगळी धूळ फुकटात घरी येते."

"मग तुम्ही कशाला आलात, काकू?"

"माझी सगळी गिऱ्हाइकं इथे आहेत. मी तिकडे एकटी बसून काय करू?"

केस नाहीत

टोपी घाला. टकलावर ऊन थेट पडतं, तिथे उन्हापासून वाचवणारं मलम लावा.

टकले काका उठून म्हणाले, "बाबा, माझं काय?" हॉल हसला. बाबांनी डोकं पुढून पाहिलं, मागून पाहिलं, शेवटी काकांच्या कानातला एक केस उपटला. काका कळवळले. केस तरंगला. "पुण्यात्मा!" बाबा म्हणाले.

हॉल टकले काकांचा होता.

कुरळे केस

हे माझे. घरात मला 'टोपलं' म्हणतात. कुरळ्या केसांना टाळूचं तेल टोकापर्यंत पोचत नाही, वळणावळणावर अडतं. उन्हाळ्यात ते आणखी कोरडे होतात आणि फुलतात. कोरडे असताना विंचरू नयेत. ओले असताना, कंडिशनर लावून, मोठ्या दाताच्या फणीने, टोकाकडून वर यावं. टॉवेलने खसाखसा पुसू नयेत, जुन्या सुती कापडात गुंडाळावेत.

मला तेव्हा यातलं काहीच माहीत नव्हतं. मी कोरडेच विंचरून आले होते. म्हणजे टोपलं पुरतं उघडलेलं.

"ती मुलगी!" थंडबाबांचं बोट माझ्याकडे. "केसांनी फणा काढलाय बघा. ये बाळ, पुढे ये."

आईने ढकललं. माझा केस पाण्यावर, बाबांची करंगळी पाण्यात, केस तळाला.

"घरात कोणी उन्हाने पडलंय?"

आईच्या तोंडून हुंदका फुटला. बाबांनी अंतर्ज्ञानाने ओळखलं, असं सगळे म्हणाले. पप्पा गोदामात, पत्र्याखाली, खोकी उचलताना बेशुद्ध पडले होते आणि ते अख्ख्या गल्लीला माहीत होतं. शिष्य तर रोज आमच्याच कोपऱ्यावर चहा प्यायचा.

"पोरीच्या केसातली आग बापाला लागतेय. हिला तेल पुरणार नाही. पुढच्या रविवारी इथेच, सगळ्यांसमोर, डोकं भादरायचं. नाहीतर दुसऱ्यांदा पडेल तो उठणार नाही."

घरी पप्पा ओला रुमाल कपाळावर घेऊन पडले होते. "डॉक्टर म्हणाले, पाणी पी, दुपारी ओझी उचलू नको. पोरीच्या केसांचं काही बोलले नाहीत."

"डॉक्टरांना वरवरचं दिसतं," आई म्हणाली.

"आई, मी केस देणार नाही."

"बाप मोठा का केस मोठे?"

मी म्हटलं, "माझे केस आहेत." आई स्वयंपाकघरात गेली. मला तिचा राग आला होता, आणि ती घाबरली होती हेही दिसत होतं.

विरळ केस, सरळ केस, रंगवलेले केस

विरळ केस ओले असताना घट्ट बांधू नका, तुटतात. रंगवलेल्यांवर स्कार्फ घ्या, रंग उन्हात उडतो. सरळ केसांना फार काही नको, म्हणून सरळ केसवाल्यांनी बाकीच्यांना शहाणपण शिकवू नये.

तो आठवडाभर मी जमतील तेवढे केस गोळा केले. पप्पांचा विरळ, आईचा सरळ, काकूंच्या पार्लरमधला तांबडा. स्टीलच्या वाटीत पाणी घ्यायचं, केस अलगद ठेवायचा. सगळे तरंगले. माझाही. मी करंगळी फिरवली, तरी तरंगला. "उष्णते, ओझं दाखव" म्हटलं. उष्णतेने ऐकलं नाही.

शनिवारी भांडी घासून झाल्यावर मी त्याच वाटीत पाणी घेतलं, आईचा केस ठेवला. बुडाला.

आईचा केस? आईचा?

तेवढ्यात आई आली. वाटीत बोट घालून म्हणाली, "हे घासलंस? नुसतं ओलं केलंयस! किती वर्षं सांगतेय, भांडं खळखळून विसळत जा. बुळबुळ लागतेय नुसती. उद्या यातच कुणाला तरी पाणी देशील."

ती गेली. मी माझं बोट वाटीत घातलं, मग वाटी खळखळून विसळली आणि आईचा दुसरा केस ठेवला. तरंगला.

कुरळे केस, राहिलेला भाग

रविवारी हॉलमध्ये उभं राहायलाही जागा नव्हती. पुढे स्टूल, स्टुलाशेजारी न्हावी, त्याच्या हातात मशीन. त्याने एकदा चालू करून पाहिलं. तो आवाज मला अजून आठवतो.

"शेवटची खूण!" थंडबाबा म्हणाले. माझा केस पाण्यावर, उजवी करंगळी पाण्यात, केस तळाला. "बस बाळ. आग उतरवू."

मी बसले नाही.

"बाबा, याच पाण्यात आणखी एक केस टाकू?"

"कुणाचा?"

त्यांच्या खांद्यावर दाढीचा एक पांढरा केस पडला होता. मी तो उचलला. शिष्य ओरडला, "ए! साधूचा केस आहे तो!"

"मग तरंगेल की."

मी टाकला. बुडाला.

पुढचे लोक माना लांबवून वाटीत डोकावले. मग टकले काका म्हणाले, "म्हणजे बाबांच्या डोक्यातही आग?" मागे कोणीतरी फिसकन हसलं.

"हिचा हात लागला म्हणून!" बाबा गरजले. "आई कुठेय हिची? आवरा हिला!"

आई उठून आली. मला वाटलं, आता खांद्याला धरून बसवणार. ती माझ्यापर्यंत आली, वाटीकडे पाहिलं, आणि सवयीने तिचा हात पाण्यात गेला. अंगठा आणि बोट तिने एकमेकांवर चोळलं. नाकाशी नेलं.

"हे भांडं विसळलेलं नाही."

"हात काढा! या वाटीला दुसऱ्याचा हात चालत नाही."

"विसळायलासुद्धा?" आई म्हणाली. "साबण आहे यात. लिंबाचा वास येतोय. आमच्या घरचाच वास."

पुढच्या रांगेतल्या बायका उठल्या. एकेकीने बोट घातलं, चोळलं, हुंगलं. भांड्याच्या साबणाबद्दल त्यांना कोण फसवणार होतं? पार्लरवाल्या काकूंनी बाबांचा हात धरला तो धरलाच. उजव्या करंगळीचं नख लांब, आणि नखाखाली हिरवा चिकट गोळा.

"अहो, याचं तर मॅनिक्युअर राहिलंय," काकू म्हणाल्या.

मग मी हॉलला सांगितलं, तेच इथे लिहिते. केस पाण्यापेक्षा जड आहे. सगळ्यांचा. पण पाण्याचा वरचा थर ताणलेल्या पडद्यासारखा असतो, आणि हलका कोरडा केस त्यावर निजतो. साबण तो ताण सैल करतो, केस भिजतो आणि बुडतो. साध्या पाण्यात तेल लावलेला केस भिजतच नाही, म्हणून तरंगतो. ज्याला बुडवायचं त्याच्या वाटीत उजवी करंगळी. ज्याला तारायचं त्याच्यासाठी हात जोडायचे. एवढाच चमत्कार.

आईने वाटी उचलली, खळखळून विसळली, नवं पाणी भरलं. माझ्या डोक्यातला एक केस स्वतः काढून ठेवला. तरंगला. शेजारी बाबांच्या खांद्यावरचा दाढीचा आणखी एक ठेवला. तोही.

"माझा नवरा उन्हाने पडला होता," आई म्हणाली. आवाज चढवला नाही, तरी मागच्या रांगेला ऐकू गेलं. "उन्हाने. आणि मी माझ्या पोरीला..."

तिने स्टूल पायाने बाजूला सारलं. न्हाव्याने मशीनची वायर गुंडाळून खिशात घातली. शिष्य खोक्यासकट जिन्याकडे सरकत होता. तापलेल्या कठड्याला हात लागून तो ओरडला आणि बाटल्या जिन्यावरून गडगडत खाली गेल्या.

सर्व प्रकारचे केस, पुन्हा

पप्पा आता दुपारी गोदामात जात नाहीत. त्यासाठी आईच मुकादमाशी भांडली. संध्याकाळी ती माझे ओले केस टोकापासून वर विंचरते आणि प्रत्येक गुंत्याला शिव्या घालते, मला नाही.

टाळू खाजत असेल, केस गळत असतील, माणूस उन्हाने पडत असेल तर डॉक्टरकडे जा. सावली, पाणी आणि विश्रांती यांना शिष्य लागत नाही. आणि उद्या कोणी तुमच्या लेकीचा एक केस मागितला, तिच्या डोक्यातली आग दाखवतो म्हणाला, तर हात जोडायच्या आधी तो हात त्याच्या वाटीत घाला. बोटं चोळा, हुंगून पाहा. तो चिडला, तर विसळायला घ्या.