गोदामातली धूळ

धाकटा तापाने फणफणला तेव्हा घरच्यांनी साधा फ्लू म्हणून सोडून दिलं. पाचव्या दिवशी त्याला धाप लागली आणि ताई प्रयोगशाळेतून तडक दवाखान्यात आली. तीन आठवड्यांपूर्वी त्याने एक बंद गोदाम झाडून काढलं होतं, उंदरांनी तिथे उच्छाद मांडला होता, असं भावजयीने सांगितलं, आणि ताईच्या पायांखालची जमीन सरकली.

माणसाच्या श्वासनलिकेच्या अस्तरातल्या पेशी बशीत वाढवायच्या आणि त्यांना उंदरांकडून येणारा विषाणू लावायचा, हेच तिचं आठ वर्षांचं काम. उंदराचं मूत वाळून धुळीत मिसळतं, झाडू मारला की उडतं, श्वासाबरोबर आत शिरतं. पेशी मरत नाहीत, हीच त्यातली मेख. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्यावरची लव नेहमीसारखी हलत राहते आणि आत विषाणू पोसत असतो. मग एकाएकी रक्तवाहिन्या पाझरतात, फुप्फुसं पाण्याने भरतात. आधी पाणी शिंपडा, मग झाडा, हे तिने किती सफाईवाल्यांना बजावलं होतं. सख्ख्या भावाला सांगायचं राहून गेलं.

ऑक्सिजन बरा आहे, सकाळी बघू, असं डॉक्टरांचं म्हणणं पडलं.

“सकाळपर्यंत तो राहणार नाही,” ताई म्हणाली. “यावर औषध नाही. मोठ्या रुग्णालयात फुप्फुसांचं काम करणारं यंत्र आहे. आत्ताच हलवू द्या.”

“तुमचा अंदाज चुकला तर?”

“तर सगळ्यांसमोर तुमचे पाय धरीन.”

डॉक्टरांनी सही केली. रुग्णवाहिकेत धाकटा कसाबसा हसला. आता माझ्याही पेशी बशीत घाल, म्हणाला. अर्ध्या वाटेत त्याचे ओठ निळे पडले. पोचताच त्याला यंत्राला जोडलं, आणि ताईने प्रथमच भिंतीला पाठ टेकली.

शेजारी भावजय शालीत कुडकुडत बसली होती. सकाळपासून अंग मोडून आलंय, असं तिने हळूच सांगितलं.

“गोदामात तूही होतीस?”

“केर मीच भरला, ताई.”

ताईने तिला तिथल्या तिथे दाखल केलं. पण यंत्र एकच होतं. दुसऱ्यासाठी तिने तीन शहरांत फोन लावले, ओळखी काढल्या, अनोळखी माणसांपुढे रडली. दुसऱ्या शहरातून होकार आला तेव्हा भावजय हलवण्याच्या पलीकडे गेली होती. पहाटे ती गेली.

अकराव्या दिवशी धाकट्याने डोळे उघडले. घशातली नळी काढल्यावर त्याने पहिल्यांदा बायकोला हाक मारली. ताई त्याच्या उशाशी उभी होती. तिने घडी केलेली भावजयीची शाल त्याच्या हातात ठेवली.