आई, जेवा

मोकबाईंच्या वानचायमधल्या घरात सकाळपासून एकच धडा चालला होता.

"तू कोण?"

"मुलगी," लाय-हो म्हणाली.

"कुणाची?"

"तुमची, मालकीणबाई."

फाडकन कानाखाली बसली. "आई म्हण, मेले! आई!"

हाँगकाँगच्या गोऱ्या सरकारने कायदा केला होता. विकत घेतलेली पोर घरात राबत असेल तर तिचं नाव नोंदवा, पगार द्या. विकत घेतलेल्या लाय-होसाठी मोकबाईंनी यातलं काहीच केलं नव्हतं, आणि आज तपासणी होती. पण दत्तक मुलीला पगार कोण मागतो? गल्लीतल्या कितीतरी मोलकरणी अशा घरच्या लेकी झाल्या होत्या. भांडी मात्र त्याच घासत होत्या.

ऐन जेवणाच्या वेळी तपासनीस मडम आली. सोबत दुभाषी चानबाई. टेबलावर वाफवलेला मासा, समोर मोकबाई आणि त्यांची म्हातारी सासू.

"ही आमची लेक हो," मोकबाई साखर पेरत म्हणाल्या.

"खरं का गं?" चानबाईंनी विचारलं.

नाही म्हणावं, तर सरकार मुलींच्या आश्रमात रवानगी करणार. हो म्हणावं, तर जन्मभर फुकटची चूल. लाय-होने हात पुसले, स्टूल ओढलं आणि टेबलाशी बसली.

चाकरांनी दारातून 'जेवण झालंय' एवढंच सांगायचं. नात्याने हाक मारून मोठ्यांना जेवा म्हणायचं, ते घरच्या पोरांनी.

"आजी, जेवा."

"हं, जेव बाळ," म्हातारी सवयीने बोलून गेली.

"आई, जेवा."

मोकबाईंच्या हातातल्या जेवायच्या काड्या हवेतच थांबल्या.

"पोर हाक मारतेय," चानबाई गालात हसल्या. "ओ देत नाही?"

"जेव," मोकबाई दातओठ खात म्हणाल्या.

लाय-होने माशाच्या गालाचा मऊ तुकडा आजीच्या वाडग्यात ठेवला. मग स्वतःला घेतला. वाफवायची रोज, चव आज कळली.

"पुन्हा येऊ," मडमने बजावलं. "न सांगता."

दार लागताच मोकबाई कडाडल्या, "ऊठ! माजलीस? भांडी कोण घासणार?"

"घासते ना, आई. जेवण होऊ दे."

"आई म्हणू नकोस!"

"मग काय म्हणू? चानबाईंना विचारते, जिन्यातच असतील."

"गप जेवू दे तिला," सासू म्हणाली. "मी ओ दिलीय. आता परत कशी घेऊ?"

संध्याकाळी लाय-होने तीन वाडगे मांडले, खिडकी सताड उघडली आणि खालच्या भाजीवाल्यालाही ऐकू जाईल अशी हाक दिली, "आई, जेवा!"