गढीवरची पायशेगडी

मित्रांनो, मी एक जुनी पायशेगडी आहे. हे नाव तुम्ही कधी ऐकलं नसेल, कारण आपल्याकडे पाय गारठण्यापेक्षा भाजतातच जास्त. ओक लाकडाची चौकोनी पेटी, एका बाजूने उघडी, माथ्यावर पाच भोकं. आत मातीच्या वाडग्यात निखारे ठेवायचे, वर पाय ठेवायचे आणि झगा खाली सोडायचा, म्हणजे ऊब आत कोंडून राहते. एवढंच माझं काम. आणि मी राहते कुठे, तर कतारमध्ये. हसलात तरी चालेल.

माझा जन्म हॉलंडातल्या एका गढीत झाला. आधी तिथे पाणथळ जमिनीत विटांचा एकच मनोरा होता आणि भोवती खंदक. एका लढाईत तो जळला. पुढच्या पिढ्यांनी तो पुन्हा बांधला. तोवर लढायांची भीती सरली होती, म्हणून बाणांच्या फटी बुजवून मोठ्या खिडक्या बसवल्या आणि उचलता पूल काढून पक्का बांधला. खंदकात शत्रूऐवजी बदकं पोहू लागली. मग फळबाग आली, झाडांची लांबच लांब रांग आली, आणि भोवती कुळांची शेतं पसरली. कुळं धान्य आणि कोंबड्या आणून देत. गढीला ती गढी म्हणत नसत, नुसतं 'घर' म्हणत.

पुलाजवळचा ओक वादळात पडला. सुताराने त्याची जेवणघराची दारं केली आणि उरलेल्या तुकड्यांतून मला.

काय दिवस होते ते! रविवारी मोलकरीण मला कडीला धरून प्रार्थनेला न्यायची. बाईसाहेबांचे पाय माझ्यावर असायचे. प्रवचनात त्यांचा डोळा लागला, की मोलकरीण हळूच आपलेही पाय टेकवायची. मला दोघींचे पाय सारखेच गार लागायचे. हिवाळ्यात मी कुणाच्या पायांखाली असावी, यावरून पाहुणे रुसत.

मग भिंतींतून गरम पाण्याचे नळ फिरले आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. युद्धात सैनिकांनी गढीतल्या खुर्च्या जाळून हात शेकले. मी सफरचंदांच्या खोक्यांमागे होते म्हणून वाचले. पुढे छप्पर गळू लागलं. डागडुजीसाठी शेतं एकेक करून विकली गेली, फळबागेतून हमरस्ता गेला. शेवटचे मालक जागोजागी बादल्या मांडून दोन खोल्यांत राहिले आणि गेले. गढी एका विश्वस्त मंडळाकडे गेली. नातेवाइकांनी सामान वाटून घेतलं. घड्याळं, आरसे थोरल्यांनी नेले. धाकट्या नातीची, हॅनेकेची, वेळ आली तेव्हा मीच उरले होते.

हॅनेके दोहाला एका शाळेत ग्रंथपाल म्हणून आली, तशी मीही आले. अल सद्द भागातल्या तिच्या फ्लॅटमध्ये तिने मला खिडकीखाली ठेवलं आणि माझ्यावर निवडुंगाची कुंडी ठेवली. बाहेर रस्ता तापलेला, आत एसीचा गारठा. संध्याकाळी ती एकटी जेवायची, सोफ्यावर पाय दुमडून घेऊन. तिच्या पायांना ऊब हवी होती आणि मी हातभर अंतरावर होते. पण मला पेटवावं असं तिला कधी सुचलं नाही. लिफ्टमध्ये लोक तिला गुड मॉर्निंग म्हणत आणि आपापल्या मजल्यावर उतरत. वर्षानुवर्षं त्या दारावरची बेल फक्त पार्सलवाल्याने वाजवली.

मग गढीतून फोन आला. आता तिथे तिकीट लावलं होतं, बाईसाहेबांची खोली पूर्वीसारखी मांडणार होते आणि मी त्यांना काचेच्या कपाटात हवी होते. हॅनेकेची नोकरी संपत आली होती. ती म्हणाली, उन्हाळ्यात कायमची येते आहे, तेव्हा घेऊन येते.

काचेच्या कपाटात ऊब नसते, मित्रांनो. मी समजून चुकले.

त्याच आठवड्यात बेल वाजली. शेजारच्या फ्लॅटमधल्या अफशांला मुलगी झाली होती आणि तिची अम्मी सायरा बाळंतपणासाठी रत्नागिरीहून आली होती. दोघी मजल्यावर शिरा वाटत होत्या. हॅनेकेने त्यांना आत बोलावलं. सायराने घर पाहिलं, कुंडी पाहिली आणि कुंडीखालची मी. वाकून आत डोकावली.

"अगो अफशां, ही तर शेगडी! दुपटी शेकायला बरी. विचार ना, देतील काय?"

अफशांचा चेहरा लाल झाला. "अम्मी, ती शोची वस्तू आहे. असं मागतात का कुणाकडे?"

"शोची कसली? आतून काळी झालीय बघ. आणि शेजारणीकडे नाय मागायचं तर कुणाकडे मागायचं?"

अफशांने चाचरत इंग्रजीत विचारलं. हॅनेकेने स्वतःच्या हाताने कुंडी उतरवली.

सायरा मला शेजारी घेऊन गेली. तिने बखूर, म्हणजे अरबी धूप, जाळायचा कोळसा आणला, माझ्या फुटलेल्या वाडग्याच्या जागी बखूरचीच मातीची वाटी ठेवली, बाल्कनीचं दार उघडलं आणि निखाऱ्यावर चिमूटभर शेपा टाकल्या. किती पिढ्यांनी माझ्या पोटात विस्तव आला! वर इवलीशी दुपटी ऊब घेत पडली. शेपांच्या वासाने हॅनेके आली आणि दारातच थबकली. गढीत मूल जन्मलं की टोस्टवर साखरेत घोळलेली बडीशेप पसरून वाटत, हे ती अफशांला सांगत बसली. सायराने मला सरकवत तिच्यापुढे आणलं.

"पाय ठेव, बाय. किती गार पडलेत."

भाषा कळली नाही, पण हॅनेकेने पाय ठेवले.

त्यानंतर ती रोज यायची. उन्हाळा आला, सामान बांधून झालं आणि गढीवाल्यांनी फोन करून माझी आठवण करून दिली. हॅनेके अफशांच्या सोफ्यावरूनच बोलली.

"नाही, ती येणार नाही. ती एका बाळंतिणीकडे कामाला आहे."

हॅनेके गेली. व्हिसा संपल्यावर सायराही गेली. अफशां ऑफिसला जाते, मुलगी रांगते, आता दुपटी लागत नाहीत. मी दाराशी चपलांच्या कपाटावर आहे आणि पुन्हा गार आहे. तक्रार नाही. माझ्या माथ्यावर ठिणगीचा नवा डाग आहे, तेवढा पुरे.

मात्र एक मागणं आहे. तुमच्या मजल्यावर कुणी एकटं राहत असेल, तर त्यांना नुसतं गुड मॉर्निंग म्हणून उतरू नका. त्यांच्याकडे काहीतरी मागा. शिडी मागा, खलबत्ता मागा. मागायला एकदा जावं लागतं आणि परत करायला आणखी एकदा. हॅनेकेकडे कुणी मागायला आलं, ते तिच्या निघायच्या वर्षी. तुम्ही एवढा उशीर करू नका.