तीर्थपुरीचा सलाम

मी नवीन जालन्यातल्या महेमूदशेठच्या बारदान्याच्या दुकानातला जुना टीव्ही बोलतोय. बसा, पोत्यांच्या थप्पीवर बसा. टोचत नाहीत.

एका चांगल्या हंगामात शेठनी मला आणलं. क्रिकेटच्या दिवशी अख्खी गल्ली माझ्यासमोर जमायची आणि चहा पाजता पाजता शेठ रिकाम्या पोत्यांचे सौदे उरकायचे. पुढं घरोघरी सपाट टीव्ही आले. माझ्या उजव्या अंगाला काळी पट्टी पडली, चित्र थरथरायला लागलं. पोतं झटकावं तशी शेठ मला थाप मारतात. कधी चित्र येतं, कधी आहे तेही जातं. शेवटी त्यांनी भंगारवाल्याला सोमवारी यायला सांगितलं. माणूस दिलदार आहे, पण जागा अडवणारा माल त्यांना बघवत नाही.

काल रविवारी एका वाहिनीनं एकाच जुन्या दिग्दर्शकाचे सिनेमे सकाळपासून ओळीनं लावले. घरी आता केबल नाही, म्हणून शेठची बायको मैमूना बंद दुकान उघडायला लावून माझ्यासमोर येऊन बसली.

ती लहान असताना या दिग्दर्शकाचं शूटिंग तीर्थपुरीजवळ झालं होतं. तिच्या अब्बांना बैलगाडी हाकायला बोलावलं. "इकडं बघायचं नाही," असं बजावलंही होतं. पण समोर पाहुणा बसलेला असताना सलाम न करता पुढं जायचं कसं? अब्बांनी कॅमेऱ्यामागच्या साहेबाला सलाम ठोकला आणि बोलणी खाल्ली. पुढच्याच वर्षी ते वारले. त्यांचा एकही फोटो नाही. मैमूनाला चेहरा आठवत नाही, आणि सिनेमाचं नाव घरात कुणालाच ठाऊक नाही.

"भाभी, तेवढा तुकडा कापून टाकला असंल," शेजारचे तातेराव गुरुजी म्हणाले. "आन् न्हाई कापला, तर ह्या काळ्या पट्टीतच जातील तुमचे अब्बा!"

"भाऊ, तुम्ही भजी खा. तोंड गुंतून राहू द्या."

दुपारच्या सिनेमात धुळीचा रस्ता आला, गाड्यांची रांग आली, आणि नेमकं माझं चित्र थरथरलं. शेठचा हात वर गेला.

"हात लावू नका!" मैमूना ओरडली. "गेलं तर?"

मीही घाबरलो. गाडी माझ्या काळ्या पट्टीच्याच बाजूनं येत होती. आधी बैलांची शिंगं निघाली, मग जू, मग कासरा धरलेला हात. मी सगळा जीव काचेशी लावून धरला. पट्टीतून एक मिशीवाला माणूस बाहेर आला, मैमूनाच्या लेकाहून तरुण. सरळ आमच्याकडं वळला, हसला आणि हात कपाळाला लावला.

तातेरावांच्या हातातलं भजं हातातच राहिलं. मैमूनानं आधी पदर डोक्यावर सारखा केला. मग म्हणाली, "वालेकुम अस्सलाम, अब्बा."

आज सोमवार. भंगारवाला दारात आलाय. शेठ त्याला म्हणतायत, "चहा पी बाबा, पण आज माल द्यायचा न्हाई. मंग बघू."

'मंग बघू'चा अर्थ मला कळतो, मी व्यापाऱ्याकडं वाढलोय. कधीतरी जायचंच आहे. तेव्हा एवढंच करा, काट्यावर ठेवताना माझी काच वरच्या बाजूला ठेवा. तिच्यातून एका बापानं लेकीला सलाम केलाय.