मी नेमकी दिसते तरी कशी?

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे, एवढे मला नक्की ठाऊक आहे. त्यापुढचे सगळे गोंधळाचे आहे.

डेट्रॉइटच्या एका कारखान्यातून मी बाहेर पडले तेव्हा मला दोन दारे होती, लांबलचक बॉनेट होते, आखूड शेपटी होती आणि रंग होता पिकल्या जांभळासारखा. इंजिन सुरू झाले की शेजारची कुत्री सोफ्याखाली शिरत. माझ्या दोन्ही कुशींवर पुढच्या चाकापासून मागच्या दिव्यापर्यंत रुंद काळा पट्टा होता. पण हे सारे मी लोकांच्या तोंडून ऐकलेले. आम्हा मोटारींना आरसे असतात, ते मागचा रस्ता बघायला. त्यांत स्वतःचे रूप कुठले दिसायला!

माझा मालक वेंडेल प्रुसाक. तो आठवडाभर पावाची व्हॅन चालवायचा आणि रविवारी मला घेऊन वुडवर्ड अव्हेन्यूवरच्या हॉटडॉगच्या दुकानासमोर उभा राहायचा. तिथे माझ्यासारख्या कितीतरी गाड्या जमत. माणसे हातात कॉफी घेऊन आमच्याभोवती फिरत. एक म्हणे, ही शार्क आहे. दुसरा म्हणे, छे, हा तर डोके खाली घातलेला बैल. दुकानाची मालकीण ऑटिली म्हणे, "मला तर ही आडवी ठेवलेली सोड्याची बाटली वाटते. कमरेत बघा कशी बारीक!" मी विचारात पडे. मासा, बैल आणि बाटली एकाच वेळी कसे असता येईल? शिवाय मला पळण्यासाठी घडवले होते. मग उभी असताना मला इतके का बघतात?

त्यांत क्लाइड हॅव्हर्टी होता. वेंडेलचा शाळेपासूनचा जिवलग मित्र. गाड्या रंगवणे हा त्याचा धंदा. तो माझ्याजवळ उकिडवा बसे, एक डोळा मिटे आणि माझ्या कुशीवरून नजर फिरवी.

"दारावरून ही रेघ निघते, मागच्या चाकावर चढते आणि हळूच उतरते," तो म्हणे. "ज्यानं काढली त्याचे हात चुंबावेत. आणि तिच्यावर हा पट्टा! गाणाऱ्या बाईच्या तोंडाला रुमाल बांधल्यासारखं!"

"अरे, पट्टा आहे म्हणूनच ती उभी असतानाही धावल्यासारखी दिसते," वेंडेल उसळे. "तुझे डोळे तपासून घे."

"तुझं डोकं तपासून घे!"

ऑटिली मध्ये पडून दोघांना हॉटडॉग देई, तेव्हा कुठे भांडण थांबे.

पुढे बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकलेल्या मिठाने माझा पत्रा खाल्ला. वेंडेलने मला विश्वासाने क्लाइडकडे दिले. क्लाइडने गंज काढला, रंग असा चढवला की बघणाऱ्याचा चेहरा त्यात दिसावा. फक्त काळा पट्टा पुन्हा मारला नाही.

"एकदा बघ तरी," तो म्हणाला. "आवडली नाही तर उद्या पट्टा मारून देतो."

वेंडेलने बघितलेच नाही. "माझ्या गाडीला विचारलं नाहीस, मला विचारलं नाहीस," एवढे बोलून त्याने मला घरी आणले आणि शेडमध्ये ठेवले.

मला विचारले असते तरी मी काय सांगणार होते?

वर्षे गेली. पट्टा मारायला दुसरा रंगारी वेंडेलला चालेना. "त्याच्याइतकी सरळ रेघ कोणाला येत नाही," म्हणे. मग त्यालाच का बोलवत नाही, हे मला कळेना. तो शेडमध्ये येई, दिवा लावी, उपड्या बादलीवर बसून माझ्याकडे बघे आणि निघून जाई. माझ्या सीटमध्ये उंदरांनी संसार थाटला. टायर बसले.

एका दुपारी तो आला, दिव्याचे बटण दाबून बादलीवर बसला. मागून त्याची मुलगी लोर्ना आली.

"दिवा लागलाय का गं?" त्याने विचारले.

"लागलाय, पपा."

"बरं. मग सांग, कशी दिसते ती?"

"जांभळी आहे. खूप धूळ बसलीये."

"ते नव्हे गं," तो हळूच म्हणाला.

त्याच्या डोळ्यांपुढे आता नुसते धुके होते. लोर्नाने बाहेर जाऊन क्लाइडला फोन केला.

क्लाइड आला तो काठी टेकत. वेंडेलने पावलांवरूनच ओळखले.

"माझा पट्टा घेऊन आलास का, चोरा?"

"आधी तिची काय दशा केलीस ते बघू दे, कसाया!"

मग क्लाइड गुडघे धरत, कण्हत उकिडवा बसला आणि पुढच्या जाळीपासून सांगू लागला. दिवे कसे आत दडलेत, बॉनेट कसे फुगत आलेय, छत कसे मागे ओघळलेय. बोलता बोलता तो अडला.

"काय झालं?" वेंडेलने विचारले.

"लेका, कूस रिकामी दिसतेय रे. नजर घसरून जाते, ठरत नाही कुठे. पट्टा हवा होता."

वेंडेल उठला. चाचपडत माझ्या दारापाशी आला आणि रेघेवर तळहात ठेवून मागच्या चाकापर्यंत चालत गेला. परत आला. पुन्हा गेला.

"नको," तो म्हणाला. "पट्टा होता तेव्हा मी पट्टाच बघत बसलो. ही रेघ राहूनच गेली. हिला आता झाकू नकोस."

"अरे, पण मी म्हणतो, तुझंच बरोबर होतं!"

"आणि मी म्हणतो, तुझं!"

शेडमध्ये दोघे पूर्वीसारखे भांडू लागले. लोर्ना डोळे पुसत हसत होती. मी मात्र चक्रावून गेले. मला कुरूप कोणी केले होते आणि सुंदर कोणी, काही उमगेना.

शेवटी क्लाइडने पट्टा मारला, पण फक्त डाव्या कुशीवर. उजवी कूस मोकळी ठेवली. उंदीर गेले, टायर नवे बसले, आणि आता रविवारी लोर्ना मला दुकानासमोर आणते. डावीकडे क्लाइड उभा राहतो, उजवीकडे वेंडेल माझ्यावर हात ठेवून उभा राहतो. जाणकार माणसे माझ्याभोवती एक फेरी मारतात, डोके खाजवतात आणि पुन्हा फेरी मारतात.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या गाड्यांना मिठापासून, उंदरांपासून जपा. पण तेवढ्याने भागत नाही. आमच्याकडे बघा, जवळ बसून बघा, आणि जे दिसेल ते शेजारच्याला मोठ्याने सांगा. त्याचे म्हणणे वेगळे असेल तर खुशाल भांडा, पण निघून जाऊ नका. मी कशी दिसते ते मला अजून कळलेले नाही. तरी हे दोघे माझ्या दोन बाजूंना उभे असतात तेव्हा मला ते विचारावेसेही वाटत नाही.