चैतातला बर्फ

“कुणाला खरं वाटायचं न्हाई सायेब, पर ह्या झाडांवर औंदा चैतात बर्फ पडला व्हता,” जानकू म्हणाला आणि कॉफीच्या झुडपांपाशी ऐसपैस मांडी घालून बसला.

मजूर हौशीरामने उचललेली कुदळ खाली टेकवली. म्हाताऱ्याच्या गप्पा सुरू झाल्या, की अख्ख्या डोंगरात कामं थांबायची.

इंद्रायणी मात्र कुदळीसमोरून हलली नाही. आज, अशा वेळी, नवऱ्याला थापा सुचत होत्या! जुन्नरहून जीपने आलेल्या सरकारी कॉफी योजनेच्या साहेबांनी आत्ताच निकाल सांगितला होता : चौथं वर्ष सरत आलं, फळ एक नाही. ही जमीनच वांझ. योजनेची झुडपं उपटा, इथे निलगिरी लावू.

वांझ! हिरड्याच्या सावलीत ही रोपं तिने लावली होती. तीन उन्हाळे झऱ्यावरून हंडे वाहिले होते. यंदाच्या चैत्रात पोटासाठी नारायणगावकडे कांदे काढायला गेली, तेवढीच राखण नवऱ्यावर सोपवली होती.

“सायेब, दुसरं काय बी म्हणा. माज्या मातीला वांझ म्हणायचं न्हाई.”

“मावशी, फूलच नाही तर फळ कुठून येणार? तुम्ही तरी कधी ही झाडं फुललेली पाहिलीत?”

खोटं बोलावं असं तिला फार वाटलं. पण जमलं नाही.

“न्हाई,” ती म्हणाली, आणि एका झुडपाचं खोड तिने मुठीत घट्ट धरलं.

“मग झालं तर. हौशीराम, चला.”

“थांब की रं! बर्फाचं ऱ्हायलं न्हवं,” जानकूने हात आडवा केला. “वळवाची एक सर आली आन् गेली. पुढं एका सकाळी बघतो तर फांदी दिसंना. पांढरंफेक! बिबट्या आला, त्यो बी घसरून पडला. लाजंनं माज्याकडं बघंना राव!”

हौशीराम खो खो हसला. साहेबांनाही मौज वाटली.

“मग काय केलंत त्या बर्फाचं?”

“पाटीत भरला, वर वलं फडकं टाकलं आन् यष्टीनं जुन्नर गाठलं. स्टँडवर बायांची ही झुंबड! कुणी अंबाड्यात खोवला, कुणी येणीत माळला. सांजच्याला समदं जुन्नर घमघमत व्हतं!”

साहेबांनी हसून हसून चष्मा काढून पुसला आणि हौशीरामला खूण केली. कुदळ पुन्हा वर गेली.

इंद्रायणी हसली नव्हती. ती सावकाश नवऱ्याकडे वळली. तिची नजर भिडताच जानकू चंची उघडून उगाच तंबाखू शोधू लागला.

“बर्फाला वास आसतो व्हय वो?”

“डोंगरातल्या बर्फाला आसतो,” तो चंचीतच बघत म्हणाला. “मोगऱ्यावानी.”

“खोटं!” ती अशी कडाडली, की हौशीरामच्या हातातली कुदळ वरच राहिली. “फुलं व्हती ती! माज्या झाडांची समदी फुलं ओरबाडून इकलीत तुमी! सायेब, ऐकलंत न्हवं? फुलली व्हती माजी झाडं!”